नजरेचा माग

आरशासमोर उभं राहावं आणि स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहावं, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. कितीही वेळा केलं तरी आपला डोळा हलताना आपल्याला दिसत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो टुणकन इकडून तिकडे जाताना स्वच्छ दिसतो. डोळा एका जागेवरून दुसरीकडे झेप घेतो, तेवढ्या निमिषात मेंदू समोरचं दृश्य दाबून टाकतो. नाहीतर सगळं जग दिवसभर फरफटत गेल्यासारखं दिसलं असतं. जागेपणी अशा झेपा सेकंदाला तीनेक होतात. हृदयाच्या ठोक्यांपेक्षा जास्त. इतक्या वेळा केलेल्या या हालचालीची आपल्याला खबरच नसते.

शिवाय डोळ्याला खरोखर स्पष्ट दिसतं ते किती? हात पुढे ताणून अंगठा उभा धरला तर जेमतेम त्याच्या नखाएवढं. बाकीचं सगळं पुसट असतं. तिथे काहीतरी हललं, चमकलं एवढंच कळतं. आपल्याला वाटतं की खोली, रस्ता, शेत अख्खं दिसतंय. प्रत्यक्षात डोळा नखाएवढे तुकडे गोळा करत फिरत असतो आणि मन ते जोडून ‘सगळं’ तयार करतं. घरात बसलेल्या माणसाचं यात काही बिघडत नाही. हजारो फूट उंचीवर ढगात शिरलेल्या वैमानिकाचं मात्र सगळं भवितव्य यावर असतं, की पुढचा तुकडा त्याने कुठून उचलला.

हे मी शिकलो ते माझ्या भाचीमुळे. ती चांदूर रेल्वेची. शाळेच्या गच्चीवरून आभाळातली विमानं पाहणारी मुलगी, आता वैमानिक होण्याचं शिक्षण घेते आहे. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं. हे दोनशे तास म्हणजे हातापायांचं शिक्षण, असं मी समजत होतो: दांडा किती ओढायचा, पायाखालचं रडर किती दाबायचं. सुट्टीत घरी आली की ती जे सांगायची त्यात हातांचा उल्लेख कमी आणि डोळ्यांचा जास्त असायचा. “सर ओरडतात ते हातासाठी नाही मामा, डोळ्यासाठी ओरडतात. ‘आइज आउटसाइड’ नाहीतर ‘स्कॅन, स्कॅन’.”

छोट्या शिकाऊ विमानात वैमानिकासमोर सहा मुख्य यंत्रं असतात. वेग, विमानाचा कल दाखवणारं कृत्रिम क्षितिज, उंची, वळणाचा दर, दिशा, आणि चढण्या-उतरण्याचा दर. नव्या विमानांत तीच माहिती एका पडद्यावर असते, पण मांडणी तीच: मध्ये क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. बाहेर लख्ख दिसत असेल तर नजर बहुतेक वेळ बाहेरच ठेवायची, आत फक्त डोकावायचं. ढगात किंवा अंधारात बाहेरचं काहीच उरलं नाही, की मग नजर यंत्रांवर फिरवत राहायची. क्षितिजावर यायचं, तिथून वेगावर, परत क्षितिजावर, तिथून उंचीवर, परत क्षितिजावर. हे फिरणं म्हणजे स्कॅन. तो कुठे बिघडतो याचे तीन प्रकार शिकवण्याच्या पुस्तकांत दिलेले असतात. नजर एकाच यंत्राला चिकटून बसते, एखादं यंत्र फेरीतून गळूनच जातं, किंवा ज्या यंत्रावर आपला जीव जडला आहे त्यावरच जास्त विसंबलं जातं. पुस्तकात तीन ओळी आहेत. पण शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला विद्यार्थ्याचं डोकं दिसतं, डोळे दिसत नाहीत. चूक विमानात उमटल्यावरच त्याला कळते. ती डोळ्यात कधी सुरू झाली हे कळत नाही.

एके दिवशी तिच्या प्रशिक्षकांनी सिम्युलेटरवर बसताना तिला एक चष्मा घालायला दिला. काचा साध्याच. फ्रेमच्या आत डोळ्यांकडे तोंड केलेले बारीक कॅमेरे आणि कपाळाच्या बाजूला बाहेर पाहणारा एक कॅमेरा. सराव संपल्यावर त्यांनी तिला फीत दाखवली. कॉकपिटचं चित्र, आणि त्यावर फिरणारा लाल ठिपका. तिची नजर. त्या रात्री तिने मला फोन केला तेव्हा आवाजात उत्साह होता आणि त्याखाली एक अस्वस्थता होती.

“मामा, मले पक्कं आठवते, उतरताना स्पीडकडे मी पाह्यलं होतं. दोनदा पाह्यलं. पण त्या फितीत ठिपका तिकडं गेलाच नाई. उंचीवरच बसून होता.”

ती खोटं बोलत नव्हती. आपण कुठे पाहिलं याची माणसाची आठवण फार कच्ची असते, हे नजरेचा माग काढणाऱ्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. जे पाहायला हवं होतं ते पाहिलंच, असं मन स्वतःला सांगून टाकतं. इतकी वर्षं प्रशिक्षक विचारायचे, “वेगाकडे पाहिलंस का?” आणि विद्यार्थी प्रामाणिकपणे म्हणायचे, “हो सर.” दोघांमध्ये पुरावा म्हणून काहीच नसायचं.

या चष्म्याचं तंत्र मी समजून घेतलं तेव्हा त्याच्या साधेपणाने मी हरखून गेलो. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश बुबुळावर सोडतात. बाहुली काळी दिसते, आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर त्या दिव्याचा एक चमकता बिंदू उमटतो. डोळा वळला की बाहुली सरकते, तो बिंदू मात्र जवळपास जागच्या जागी राहतो. दोहोंमधलं अंतर आणि दिशा मोजली की नजर कुठे आहे हे कळतं. सुरुवातीला माणसाला ठरलेल्या काही खुणांकडे पाहायला लावून गणित जुळवून घेतात. मग कॅमेरा सेकंदाला साठ वेळा, कधी शेकडो वेळा हे मोजत राहतो. डोळ्याला काहीही चिकटवावं लागत नाही.

पूर्वी चिकटवावं लागायचं. विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकेत एडमंड ह्यूई नावाचा संशोधक वाचनाचा अभ्यास करत होता. त्याने डोळ्यावर बसेल अशी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ टोपी केली, मधे बाहुलीपुरतं भोक ठेवलं, टोपीला अॅल्युमिनियमची हलकी काडी जोडली आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर टेकवलं. वाचणाऱ्याचा डोळा ओळीवर जसा धावला तशी रेघ उमटली. धावला म्हणजे उड्या मारत गेला. ओळीवरून डोळा सरळ सरकत नाही, थांबतो आणि झेप घेतो, हे पॅरिसमध्ये 1879 च्या सुमारासच ध्यानात आलं होतं. ह्यूईने ते कागदावर आणलं. या माणसांच्या धीराला मी मनोमन हात जोडतो. स्वतःचं पाहणं पाहायचं होतं म्हणून त्यांनी डोळ्यांवर प्लास्टर चढवलं.

वैमानिकांच्या डोळ्यांपर्यंत ही वाट दुसऱ्या महायुद्धानंतर पोहोचली. पॉल फिट्स हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी रिचर्ड जोन्स व जॉन मिल्टन यांनी कॉकपिटमध्ये आरसा आणि सिनेमाचा कॅमेरा बसवला. यंत्रांच्या आधाराने धावपट्टीकडे उतरणाऱ्या 40 वैमानिकांच्या डोळ्यांचं चित्रीकरण केलं आणि नंतर एकेक चौकट थांबवून नोंदलं: आता नजर कुठे, किती वेळ, पुढे कुठे गेली. हे काम 1950 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या दोन यंत्रांमध्ये नजरेची ये-जा जास्त, ती एकमेकांशेजारी असायला हवीत, हा विचार तिथे मोजमापाच्या पायावर उभा राहिला. फीत हाताने उलगडत, एकेका चौकटीवर डोळा रोखून केलेलं ते काम. किती रात्री गेल्या असतील त्यात!

फिट्स आणि जोन्स यांनी त्याआधी, 1947 मध्ये, आणखी एक गोष्ट केली होती आणि माझ्या दृष्टीने ती अधिक मोठी आहे. त्यांनी वैमानिकांकडून शेकडो चुकांच्या हकिकती जमवल्या. ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का मारून फाईल बंद व्हावी अशाच त्या चुका. चाकांचा दांडा ओढायच्या ऐवजी पंखाच्या फ्लॅपचा ओढला, तीन काट्यांच्या उंचीमापकावर हजार फुटांची गफलत झाली. दोघांनी त्या एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं, की वेगवेगळी माणसं त्याच त्या जागी चुकत होती. दोन दांडे सारखे दिसत आणि शेजारी असत. काटे एकमेकांत मिसळत. माणसाच्या निष्काळजीपणावर घातलेलं ओझं त्यांनी उचललं आणि मांडणीवर ठेवलं. वैमानिकांच्या डोळ्यांचा माग काढण्याच्या विद्येचा जन्म या वृत्तीतून झाला आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याकडे मी पुढे परत येतो.

माझे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. कोळशाच्या इंजिनापासून विजेच्या इंजिनापर्यंत सगळं त्यांनी चालवलं. मुंबईहून हावड्याकडे जाणारा हा लोहमार्ग आमच्या गावाच्या नावातच आहे, आणि बडनेरा, टिमटाळा, मालखेड, चांदूर, धामणगाव, पुलगाव ही आमच्या घरातली बाराखडी. भाचीच्या गोष्टी ऐकताना मला सारखे वडील आठवत. नव्या विभागावर एकट्याने गाडी न्यायच्या आधी ड्रायव्हरला तिथे ‘रोड लर्निंग’ करावं लागतं. जाणत्या ड्रायव्हरसोबत इंजिनात उभं राहून तो रस्ता पाहायचा, दिवसा पाहायचा आणि रात्रीही पाहायचा. चढ कुठे, वळण कुठे, सिग्नल कोणत्या बाजूला आणि झाडाआडून कधी दिसतो. मग सही करायची, की हा रस्ता मला ठाऊक झाला. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, की रस्ता तर रुळांचाच आहे, गाडी दुसरीकडे जाणार तरी कुठे, मग शिकायचं काय. ते म्हणाले होते, “सिग्नल दिसल्यावर पाहाचा नसते बापू. तो येयाच्या आधी त्याच्या जागेवर डोळा ठेवा लागते.”

जाणत्या आणि नवख्या वैमानिकांच्या डोळ्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचं सार या वाक्यात आहे. नवखा एखाद्या यंत्रावर जास्त वेळ थांबतो. आकडा वाचतो, त्याचा अर्थ लावतो, मग पुढे जातो. जाणता कमी थांबतो आणि जास्त वेळा येऊन जातो. त्याला आकडा वाचायचा नसतो, आपण धरलेला अंदाज बरोबर आहे ना एवढंच तपासायचं असतं. विमानाचं नाक किंचित वर उचललं तर थोड्या वेळाने वेग कमी व्हायला हवा, हे त्याच्या मनात आधीच घडलेलं असतं आणि डोळा फक्त खात्री करायला जातो. म्हणून त्याची नजर आधी पोहोचते. नवख्याला घडून गेल्यावर कळतं आणि तो हातांनी मागे धावतो. उतरताना तर हे उघड दिसतं. जमीन जवळ आली की शिकाऊ मुलगा घाबरून अगदी नाकासमोरच्या डांबराकडे पाहतो. तिथे सगळं भरभर पळत असतं, उंचीचा अंदाज येत नाही, आणि चाकं एकतर आपटतात किंवा विमान उंचावरच तरंगत राहतं. प्रशिक्षक म्हणतो, धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाकडे बघ. मुलगा म्हणतो, बघतोय. लाल ठिपका मात्र जवळच्याच डांबरावर असतो. ही फीत एकदा पाहिली, की पुढच्या उड्डाणात मुलाचे डोळे आपोआप वर उचलले जातात, असं भाची सांगते. तिचे गेले.

आता मुंबईची एक जुनी, दुःखाची गोष्ट. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला जायला उडालं. समुद्रावर आल्यावर विमानाने उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि मग सरळ झालं. कप्तानासमोरचं कृत्रिम क्षितिज मात्र सरळ झालं नाही, ते उजवा कल दाखवत अडकून राहिलं. बाहेर अमावास्येसारखा काळा समुद्र, वर काळं आभाळ, खरं क्षितिज कुठेच नाही. कप्तानाने अडकलेल्या यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे झुकवलं, आणखी झुकवलं, आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याजवळ अरबी समुद्रात कोसळलं. 213 माणसं गेली. सहवैमानिकासमोर दुसरं क्षितिज होतं, तिसरं राखीवही होतं. बिघडलेलं यंत्र कोणतं हे तिन्ही क्षितिजं जुळवून पाहिल्याशिवाय कळणं शक्य नव्हतं, आणि जुळवायला वेळ होता तो काही सेकंदांचा.

त्या कप्तानाला दोष देणाऱ्यांत मी नाही. शांत खोलीत बसून आपण सहज म्हणतो, की शेजारच्या यंत्राकडे पाहायचं होतं. घाबरलेल्या माणसाची नजर आखडते. जे भय दाखवतं त्यालाच ती चिकटते. 29 डिसेंबर 1972 ला अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीवर ईस्टर्न कंपनीचं विमान असंच गेलं. पुढच्या चाकाचा छोटा दिवा लागला नाही आणि कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यात गुंतले. तेवढ्यात ऑटोपायलटचं उंची धरून ठेवणं सुटलं, विमान हळूहळू खाली येत राहिलं, आणि उंचीमापकाकडे वेळेवर कोणाचा डोळा गेला नाही. 101 माणसांचा जीव गेला. चाक ठीक होतं, दिव्याचा बल्ब गेला होता. संकटात नजर सुटी ठेवणं ही उपजत गोष्ट नाही. ती शिकावी लागते, आणि शिकवणाऱ्याला ती दिसल्याशिवाय शिकवता येत नाही. फ्रान्सच्या विमान-अपघात तपास संस्थेने उतरणं रद्द करून पुन्हा वर जाण्याच्या अवघड क्षणांचा अभ्यास केला, त्याचा अहवाल 2013 मध्ये आला. त्यात मोठ्या विमानांच्या सिम्युलेटरवर अनुभवी वैमानिकांच्या नजरेचा मागही काढला होता. अनुभवी माणसांची फेरीही त्या धांदलीत विस्कटत होती. हे वाचून मला धीर आला. सगळ्यांचंच होतं म्हटल्यावर त्यात लाज धरण्यासारखं काही उरत नाही, शिकण्यासारखं उरतं.

तरीही या ठिपक्यावर डोळे मिटून विसंबता येणार नाही. नजर पोहोचली म्हणजे लक्ष पोहोचलं असं नसतं. काचेवरच वेग-उंचीचे आकडे उमटवणारा पडदा पुढे बसवून नासाने काही वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये उतरायला सांगितलं होतं. धावपट्टीवर आडवं आलेलं दुसरं विमान दाखवलं, तर काही जणांना ते दिसलंच नाही. डोळे त्याच दिशेला होते, त्याच काचेतून पाहत होते. लाल ठिपका अशा वेळी ‘बरोबर’ जागीच असतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रदीप्त बिस्वास आणि त्यांचे सहकारी सिम्युलेटरमध्ये आणि प्रत्यक्ष उड्डाणातही वैमानिकांच्या डोळ्यांवरून मनावरचा भार ओळखता येतो का, हे तपासत आले आहेत. मनावर ओझं वाढलं की बाहुली किंचित मोठी होते. पण ऊन-सावली बदललं तरी ती बदलते, आणि कॉकपिटमध्ये ऊन-सावली क्षणोक्षणी बदलते. काम किती नाजूक आहे ते यावरून ध्यानात येतं.

सोव्हिएत रशियातल्या आल्फ्रेड यारबुसचा प्रयोग मला इथे फार मोलाचा वाटतो. त्याने इल्या रेपिनचं एक चित्र माणसाला पुन्हा पुन्हा दाखवलं. घरात अचानक परतलेला एक माणूस आणि त्याच्याकडे पाहणारं कुटुंब, असं ते चित्र. दर वेळी प्रश्न बदलला. हे लोक श्रीमंत आहेत की गरीब? यांची वयं काय असतील? तो माणूस किती दिवसांनी घरी आला असावा? चित्र तेच, डोळे तेच, पण नजरेचा माग दर वेळी निराळा. वयं विचारली तर नजर चेहऱ्यांवर फिरली, श्रीमंती विचारली तर कपड्यांवर आणि सामानावर गेली. प्रश्न बदलला की वाट बदलते.

म्हणून मला वाटतं, विद्यार्थ्याला नुसती वाट पाठ करायला लावणं अपुरं आहे. क्षितिज, वेग, क्षितिज, उंची अशी फेरी घोकली तर डोळे फिरतील, पण आतून कोरेच राहतील. जाणत्याची नजर एखाद्या क्षणी वेगाकडे का गेली, त्याच्या मनात तेव्हा कोणता प्रश्न होता, हे मुलांना कळायला हवं. वडिलांच्या इंजिनात एक शिस्त होती. सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्याने त्याचं नाव आणि रंग सांगायचा, सहायक तेच परत म्हणायचा. ‘डिस्टंट, दोन पिवळे.’ ‘डिस्टंट, दोन पिवळे.’ रेल्वेत आजही हे चालतं. बोलल्याने पाहणं उघड्यावर येतं, दुसऱ्याला पडताळता येतं. डोळ्यांच्या मागाला अशी बोलती जोड मिळाली पाहिजे. प्रशिक्षकाने चष्मा घालून स्वतः उडावं आणि फीत लावून सांगावं: इथे मी खाली पाहिलं कारण वारा बदललाय अशी शंका आली, इथे परत वर आलो कारण हात नकळत जड झाला होता. गुरूच्या हातांची नक्कल आजवर करता यायची. गुरूचे डोळे पहिल्यांदाच शिष्यासमोर उघडे होताहेत. ही मला या विद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

भाचीला मी विचारलं, सरांच्या डोळ्यांची फीत पाहिलीस का. “पाह्यली ना मामा! सरांचा ठिपका थांबतच नाई कुठं. आन एका जागी तो काहीच नसलेल्या ठिकाणी गेला, बाहेर, डाव्या बाजूले. मी विचारलं काहून. तर सर म्हणे, तिथून दुसरं विमान येऊ शकते ना.” थोडं थांबून म्हणाली, “आबाजी असंच सांगत होते नं?” आबाजी म्हणजे माझे वडील. ती लहान असताना ते तिला घेऊन फाटकाजवळ उभे राहायचे. गाडी यायच्या आधी सिग्नल कोणता पडेल ते तिला ओळखायला लावायचे.

एक काळजी बोलून दाखवतो. यंत्र मोजू लागलं की मोजणाऱ्या हातांची भूक वाढते. सिम्युलेटरमधला हा कॅमेरा उद्या गुण देऊ लागेल, परवा प्रत्यक्ष कॉकपिटमध्ये बसेल, आणि अपघातानंतर कुणीतरी म्हणेल, की अमुक सेकंदाला कप्तानाचा डोळा तमुक ठिकाणी होता, चूक त्याचीच. आपल्या नजरेवर कुणाची नजर आहे हे ठाऊक असलेला माणूस दाखवण्यासाठी पाहू लागतो. डोळे बरोबर जागी फिरतील, मन कॅमेऱ्याकडे असेल. फिट्स आणि जोन्सनी दाखवलेली वाट उलट दिशेला जाते. चुका जमवायच्या त्या माणसाला सोडवण्यासाठी आणि मांडणी सुधारण्यासाठी. विद्यार्थ्याची फीत विद्यार्थ्याची असावी. ती त्याच्या आणि त्याच्या प्रशिक्षकाच्या मध्ये राहावी आणि शिकणं संपल्यावर पुसली जावी. असा नियम सुरुवातीलाच लिहून ठेवला तर मुलं मोकळ्या डोळ्यांनी शिकतील.

हे सगळं आमच्या दारात येऊन ठेपलं आहे, म्हणून इतक्या कळकळीने लिहितो. चांदूर रेल्वेहून पोहऱ्याच्या जंगलातून अमरावतीला जावं आणि तिथून बेलोऱ्याला. 16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. एअर इंडियाने 2024 मध्ये तिथेच वैमानिक घडवणारी मोठी संस्था उभारायचं जाहीर केलं: 34 शिकाऊ विमानं, वर्षाला 180 वैमानिक. पूर्वेला गोंदियाजवळ बिरसीला असं शिक्षण कित्येक वर्षं चालू आहेच. कापूस, तूर, सोयाबीनच्या या पट्ट्यातली मुलं-मुली तिथे जातील, जायला हवीत. त्यांच्या घरात पूर्वी कुणी विमानात बसलेलंही नसेल. शहरातल्या मुलांनी मामा-काकांच्या कॉकपिटच्या गप्पा ऐकलेल्या असतात. आमच्या मुलांना तसं कुणी नसतं. जाणत्याने कुठे पाहिलं आणि का पाहिलं, हे त्यांना कुणाच्या ओळखीशिवाय, पहिल्याच महिन्यात, पडद्यावर मिळायला हवं.

बेलोऱ्याच्या सिम्युलेटरच्या खोलीत हे चष्मे असावेत. त्यासोबत वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या डोळ्यांच्या फिती असाव्यात, त्यांच्याच आवाजात, मराठीत आणि हिंदीतही, संध्याकाळी विद्यार्थ्यांना हव्या तेवढ्या वेळा पाहता येतील अशा. उतरण्याच्या, आडव्या वाऱ्याच्या, ढगात शिरण्याच्या, आणि एखादं यंत्र अडकल्यावर बाकीच्यांशी जुळवून पाहण्याच्या. या शेवटच्या फितीने सुरुवात करावी. पहिलं उड्डाण करण्याच्या आधी प्रत्येक मुलाने ती पाहिलेली असावी आणि सिम्युलेटरवर स्वतः करून पाहिलेली असावी, क्षितिज अडकवून, बाहेर अंधार करून.